बांधकामाच्या साइटवरची माती पावसात वाहून जाते, ती थांबवायची कशी?

पहिला जोराचा पाऊस झाला की शहरातल्या चढाच्या रस्त्यांवरून चहाच्या रंगाचं पाणी वाहताना तुम्ही पाहिलं असेल. त्या पाण्याच्या उलट दिशेने चढत गेलात, तर बऱ्याचदा पत्रे ठोकलेल्या एखाद्या प्लॉटच्या गेटशी जाऊन पोचता. आत खोदकाम चालू असतं, मातीचे ढीग उघडे असतात आणि गेटमधून लाल किंवा काळा गाळ रस्त्यावर येत असतो.

हा गाळ नुसता दिसायला वाईट असतो असं नाही. तो पावसाळी गटारात बसतो, चेंबर भरतात आणि पाणी रस्त्यावर तुंबतं. पुढे तो ओढ्यात जातो, ओढ्याचा तळ वर येतो आणि काठाच्या घरात पाणी शिरायला कमी पाऊस पुरतो. खाली शेत असेल तर पिकावर चिखलाचा थर बसतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) दिलेला एक आकडा बघा. बांधकामाच्या जागेवरून वाहून जाणारी माती शेतजमिनीच्या तुलनेत साधारण १० ते २० पट असते, आणि जंगलाच्या तुलनेत १,००० ते २,००० पट. तो आकडा तिथल्या जमिनींचा आहे, पण कारण सगळीकडे तेच: झाडोरा काढला, वरचा थर उकरला, उतार बदलला आणि मग त्यावर पाऊस पडला.

आपल्याकडे हे किती टोकाला जाऊ शकतं ते जून २०१३ मध्ये दिसलं. कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ, टेकडी फोडलेल्या भागातून पाण्याचा लोंढा पुणे-सातारा महामार्गावर आला आणि एक आई आणि तिची लहान मुलगी त्यात वाहून गेली. डोंगर फोडताना पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजवल्या होत्या, हे नंतर समोर आलं. पाणी आपली वाट शोधतंच. ती वाट आपण आधी ठरवतो की नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, सिव्हिलवाला नाही. पण या विषयातलं गणित इतकं सोपं आणि इतकं बोलकं आहे की एका संध्याकाळी छोटी स्क्रिप्ट लिहून मी ते तपासून बघितलं. तेच इथे सोप्या भाषेत मांडतोय.

माती सुटते कशी?

आपल्याला वाटतं, वाहतं पाणी माती खरवडून नेतं. ते खरं आहे, पण सुरुवात त्याच्याही आधी होते. पावसाचा मोठा थेंब, म्हणजे ५-६ मिमी व्यासाचा, जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर असतो, म्हणजे ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. उघड्या मातीवर तो छोट्या हातोड्यासारखा बसतो. ढेकूळ फुटतं, कण उडतात. उडालेले कण दोन फूट वर आणि पाच फूट बाजूला जाऊ शकतात. पावसाळ्यात भिंतीचा खालचा भाग मातीच्या शिंतोड्यांनी लाल होतो, तो याच कारणाने.

दुसरा टप्पा: फुटलेले बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात, वर एक पापुद्रा तयार होतो आणि पाणी मुरायचं कमी होतं. जे मुरत नाही ते वाहतं.

तिसरा टप्पा: पातळ थरात वाहणारं पाणी एकत्र येऊन बोटाएवढ्या ओघळी पाडतं. ओघळीत पाण्याचा वेग वाढतो, वेगाबरोबर खरवडण्याची ताकद वाढते आणि दोन-तीन पावसांत ओघळीची घळ होते.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: थेंब थेट मातीवर पडलाच नाही, तर पहिला टप्पाच होत नाही.

एक समीकरण, पाच गुणक

माती किती वाहून जाईल याचा अंदाज बांधायला जगभर एक जुनं समीकरण वापरतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वॉल्टर विश्मायर आणि ड्वाइट स्मिथ यांनी ते शेतजमिनीसाठी बसवलं. १९६५ मध्ये ते पुस्तिकेच्या रूपात आलं, १९७८ मध्ये सुधारित आवृत्ती आली. मागे १०,००० हून जास्त 'प्लॉट-वर्षां'ची मोजमापं होती. समीकरण म्हणजे पाच गोष्टींचा गुणाकार:

वाहून जाणारी माती = पावसाचा मारा × मातीचा सुटेपणा × उताराची लांबी व तीव्रता × आच्छादन × उपाययोजना

गुणाकार आहे, हे महत्त्वाचं. कोणताही एक गुणक दहा टक्क्यांवर आणला, तर उत्तरही दहा टक्क्यांवर येतं. आता यातले पहिले दोन गुणक आपल्या हातात नाहीत. पाऊस पडणार तेवढा पडणार, आणि प्लॉटवर काळी माती आहे की मुरूम, हे आधीच ठरलेलं आहे. आपल्या हातात उरतात ते शेवटचे तीन.

उतार बघू. समीकरणात आकडे घातले तर १० टक्के चढाच्या जागी २० टक्के चढ केल्यावर माती दुप्पट नाही, जवळजवळ तिप्पट जाते. म्हणजे बेंचिंग न करता जेसीबीने सरळ कापलेला उतार आपल्याला तिपटीत पडतो. आणि ६० मीटर लांबीचा सलग उतार मध्ये चर काढून १५-१५ मीटरच्या चार तुकड्यांत तोडला, तर माती निम्म्यावर येते.

आता आच्छादन. पूर्ण उघड्या मातीसाठी हा गुणक १ धरतात. १९७८ च्या पुस्तिकेत बांधकामाच्या उतारांसाठी वेगळा तक्ता आहे. त्यात हेक्टरी सुमारे साडेचार टन पेंढा अंथरला, तर १६ ते २० टक्के चढावर हा गुणक ०.११ होतो. मंद उतारावर तर ०.०६.

दोन्ही एकत्र करा. समजा २० टक्के चढाच्या उघड्या उतारावरून एका पावसाळ्यात १०० टन माती जाणार होती. उतार चार तुकड्यांत तोडला: ५० टन. त्यावर पेंढा अंथरला: साडेपाच टन. एवढ्यासाठी लागलं काय, तर काही चर आणि एकरी १,८०० किलोच्या आसपास पेंढा. काँक्रीट नाही, सळई नाही. अर्थात हे अंदाजाचं गणित आहे, एखाद्या वादळी पावसाचं भाकीत नाही. पण कुठे पैसे घातले तर फायदा होतो, हे ते स्वच्छ सांगतं.

सुटलेला कण पकडायला गेलो तर?

आता तुम्ही म्हणाल, जाऊ दे की माती, खाली एक मोठा खड्डा काढू, त्यात गाळ बसेल. बऱ्याच साइटवर हाच विचार असतो. तो कुठे फसतो ते बघण्यासारखं आहे.

स्थिर पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो हे स्टोक्सच्या नियमाने काढता येतं. वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. म्हणजे कण दहा पट बारीक झाला की बसायला शंभर पट वेळ लागतो. एक मीटर खोल पाणी धरून मी काढलेले आकडे असे:

बारीक वाळू (०.१ मिमी): सुमारे दोन मिनिटं.
पोयटा (०.०१ मिमी): सुमारे तीन तास.
चिकणमाती (०.००२ मिमी): तीन दिवसांहून जास्त.

हे झालं शांत पाण्यात. साइटवरच्या तळ्यात एका बाजूने पाणी येत असतं आणि दुसऱ्या बाजूने जात असतं. इथे एक गंमत आहे. कण बसेल की नाही हे तळ्याच्या खोलीवर फारसं ठरत नाही, ते ठरतं पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर. येणाऱ्या पाण्याला क्षेत्रफळाने भागलं की जो वेग येतो, त्याहून जलद बसणारा कण पकडला जातो, हळू बसणारा निसटतो.

एक हेक्टरची साइट घ्या. तासाला २५ मिमी पाऊस पडतोय आणि त्यातलं ६० टक्के पाणी वाहतंय. तळ्यात सेकंदाला साधारण ४२ लिटर पाणी येईल. ०.०२ मिमीचा कण पकडायचा तर तळं सुमारे ११६ चौरस मीटर हवं. जमण्यासारखं आहे. आता चिकणमातीचा ०.००२ मिमीचा कण पकडायचा ठरवा. कण दहा पट बारीक, म्हणून तळं शंभर पट मोठं: सुमारे ११,६०० चौरस मीटर. म्हणजे एक हेक्टरच्या साइटसाठी सव्वा हेक्टरच्या जवळपास तळं!

दख्खनच्या काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण भरपूर असतं. त्यामुळे आपल्याकडे 'खाली खड्डा काढू' हा उपाय एकट्याने पुरणार नाही, हे गणितच सांगतं. वाळू आणि जाड पोयटा तळ्यात बसेल, चहाच्या रंगाचं पाणी तसंच पुढे जाईल. सॉफ्टवेअरमध्ये आपण म्हणतो की बग कोड लिहिताना पकडला तर स्वस्त, प्रॉडक्शनमध्ये गेला की महाग. इथे तर बारीक कण एकदा सुटला की तो पकडायला जागाच पुरत नाही.

मग काम कोणत्या क्रमाने करायचं?

१. वेळापत्रक. सगळ्यात स्वस्त उपाय कॅलेंडरमध्ये आहे. मे महिन्यात अख्खा प्लॉट उघडायचा आणि मृगाच्या पावसाला तो तसाच सामोरा ठेवायचा, हे टाळता येतं. ज्या भागात लगेच काम आहे तेवढाच उघडा, बाकीचं गवत-झुडूप राहू द्या. वरची सुपीक माती वेगळी काढून तिचा ढीग झाका, शेवटी बागेला तीच लागते.

२. वरचं पाणी बाहेरून काढा. प्लॉटच्या वरच्या अंगाकडून येणारं स्वच्छ पाणी साइटमध्ये शिरूच देऊ नका. वरच्या हद्दीवर चर आणि त्याच्या खालच्या बाजूला बांध घातला की ते पाणी वळवून ओढ्याला सोडता येतं. मूळ ओढा-नाला असेल तर तो बुजवायचा नाही, एक दिवसासाठीही नाही.

३. झाका. पेंढा, वाळलेलं गवत, काथ्याची किंवा तागाची जाळी. तीव्र उतारावर पेंढा उडतो आणि घसरतो, तिथे काथ्याची जाळी खुंट्या ठोकून लावतात. ती मातीला घट्ट चिकटलेली हवी. खाली पोकळी राहिली तर पाणी जाळीच्या खालून ओघळ पाडतं. जाळीतून गवत उगवलं की पुढचं काम मुळं करतात. कायमच्या उतारांवर वाळ्याच्या ओळी लावल्या तर उत्तमच, त्याची मुळं सरळ खोल जातात.

४. उतार तोडा. माळरानावर सलग समतल चर काढलेले तुम्ही पाहिले असतील. पाणलोट क्षेत्रविकासात महाराष्ट्राला हे काम पाठ आहे. तोच चर साइटवर तात्पुरता काढायचा. नाल्यात दगडांचे छोटे बंधारे घालायचे. त्यांच्यातलं अंतर ठरवायची युक्ती सोपी आहे: खालच्या बंधाऱ्याचा माथा वरच्या बंधाऱ्याच्या पायथ्याच्या पातळीत यायला हवा. नाल्याला ५ टक्के उतार आणि बंधारा ०.६ मीटर उंच असेल, तर दर १२ मीटरला एक.

५. कडेला कापडी कुंपण. याला साइटवर सिल्ट फेन्स म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की ते गाळणीसारखं माती गाळतं. खरं तर ते पाणी अडवून छोटं डबकं करतं आणि डबक्यात जाड कण बसतात. म्हणून ते समपातळी रेषेवर लावायचं, दोन्ही टोकं चढाकडे वळवायची आणि खालची कड सुमारे १५ सेंमी खोल चरात पुरून माती दाबायची. कड न पुरता नुसतं खांबांना बांधलेलं कापड म्हणजे शोभा: सगळं पाणी खालून निघून जातं. वाहत्या नाल्यात आडवं लावलं तर पहिल्याच लोंढ्यात फाटतं.

६. गाळ बसवायचं तळं. हे सगळं केल्यावर जे उरेल त्यासाठी. लांबट आकाराचं, पाणी एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने वरच्या थरातून बाहेर. गाळ निम्म्यापर्यंत आला की उपसायचा, नाहीतर पुढच्या पावसात तोच गाळ पुन्हा ढवळून बाहेर.

७. गेट. ट्रकच्या टायरला चिकटून जाणारी माती हा वेगळाच ओघळ आहे. बाहेर पडायच्या वाटेवर किमान १५ मीटर जाड खडीचा पट्टा आणि टायर धुवायची सोय हवी. धुतलेलं पाणी तळ्याकडे जायला हवं, रस्त्याकडे नाही.

बेसमेंटचा पंप आणि तुरटी

एक गोष्ट मी जवळून बघितली. आमच्या सोसायटीच्या वरच्या अंगाला एका बिल्डरचं दोन मजली बेसमेंटचं खोदकाम चालू होतं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचायचं आणि रात्री पंप लावून ते थेट रस्त्याकडेच्या चेंबरमध्ये सोडायचे. आठवड्याभरात आमच्या गेटसमोरचं चेंबर गाळाने गच्च भरलं. आम्ही चौघं जाऊन साइट इंजिनिअरना भेटलो. मी म्हटलं, "दादा, पाणी काढू नका असं नाही म्हणत, पण आधी बसू द्या." ते हसले आणि म्हणाले, "बसू द्यायला जागा कुठंय? आणि हे पाणी बसतच नाही हो, तीन दिवस झाले तसंच आहे."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. स्टोक्सचा नियमही तेच सांगतो. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. याचं उत्तर आपल्या प्रत्येक घरात होतं: गढूळ पाण्यात आजी तुरटी फिरवायची ते. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मोडतं, कण एकमेकांना चिकटून मोठे गोळे होतात आणि मोठा गोळा झपाट्याने बसतो. व्यासाच्या वर्गाचा नियम आता आपल्या बाजूने काम करतो.

साइटवरही हेच करतात. दोन टाक्या किंवा दोन कप्पे, पहिल्यात तुरटी किंवा पॉलिॲक्रिलामाइड मिसळायचं, दुसऱ्यात बसू द्यायचं, वरचं निवळ पाणी सोडायचं. मात्रा किती, हे बादलीत चाचणी करून ठरवायचं. जास्त तुरटीने पाणी आम्लधर्मी होतं. पॉलिॲक्रिलामाइड ऋणभारित प्रकारचंच घ्यायचं, कारण धनभारित प्रकार माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. आणि हे वाहत्या ओढ्यात कधीच टाकायचं नाही, साइटवरच्या बंद टाकीतच वापरायचं. आमच्या वरच्या साइटवर शेवटी दोन जुन्या पाण्याच्या टाक्या बसल्या. पाणी अगदी नितळ नव्हतं, पण चेंबर पुन्हा भरलं नाही.

नियम काय म्हणतात?

अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून मोठी जागा उकरायची तर पावसाच्या पाण्याचा परवाना लागतो. ईपीएच्या परवान्यात गाळाच्या तळ्याचा आकार, उघडी जमीन किती दिवसांत झाकायची, तपासणी किती दिवसांनी करायची, हे सगळं आकड्यांत लिहिलेलं आहे. काम थांबलेला भाग साधारण १४ दिवसांत झाकावा लागतो, आणि एका वेळी पाच एकरांहून जास्त जमीन उघडी असेल तर ७ दिवसांत.

आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना आधी पर्यावरण मंजुरी लागते, आणि वरची माती जपण्यासारख्या अटी त्यात येतात. लीड या हरित इमारत मानांकनात तर बांधकामाच्या काळातली धूप रोखणं ही पूर्वअट आहे, ती पाळल्याशिवाय गुण मोजायला सुरुवातच होत नाही. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये हवेतल्या धुळीसाठी नियम काढले, त्यात टायर धुण्याची सोय आली. माझं मत विचाराल तर, धुळीकडे आपण आता बघायला लागलोय, पण तीच माती पाण्यातून जाते तेव्हा अजून दुर्लक्ष करतो. आणि पर्यावरण मंजुरीच्या मर्यादेखालच्या छोट्या प्लॉटवर तर सगळं साइट इंजिनिअरच्या समजुतीवर चालतं.

१९६७ मध्ये एम. गॉर्डन वुलमन या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की शेतीचं शहर होताना नदीतला गाळ बांधकामाच्या काळात एकदम वाढतो आणि नंतर खाली येतो. म्हणजे काळजी घ्यायची ती दोन-तीन पावसाळेच. ओढ्यात बसलेला गाळ मात्र पुढे कित्येक वर्षं तिथेच राहतो, आणि तो काढायचा खर्च आपल्या करातून होतो.

तुमच्या शेजारच्या साइटवर काय बघाल?

तुम्ही बिल्डर नसाल, तरी सोसायटीच्या कमिटीत, ग्रामपंचायतीत किंवा नव्या फ्लॅटचे ग्राहक म्हणून हे प्रश्न विचारू शकता:

मातीचे ढीग झाकलेत का, की नाल्याच्या काठावर उघडे आहेत?
वरून येणारं पाणी साइटमध्ये शिरतं की बाहेरून वळवलंय?
कापडी कुंपणाची खालची कड पुरलेली आहे का? हाताने ओढून बघा.
पंपाचा पाइप कुठे सुटतो? टाकीत की थेट चेंबरमध्ये?
गेटबाहेरच्या रस्त्यावर टायरचे चिखलाचे पट्टे किती लांब जातात?

आणि एक घरचा प्रयोग. साइटवरची मूठभर माती काचेच्या बरणीत घाला, पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू डोळ्यांसमोर खाली बसेल. दुसऱ्या दिवशीही वरचं पाणी गढूळ असेल, तर त्या साइटवर नुसत्या खड्ड्याने भागणार नाही हे समजा. बरणीचा फोटो तारखेसकट काढून ठेवा. साइट इंजिनिअरशी बोलायला जाताना तो बरोबर असू द्या, आणि शक्यतो जून उजाडायच्या आधी जा.